चक्कीची ओटी

माझा स्वभाव तापट आहे, ते आधीच सांगून ठेवते. फॅक्टरीतल्या बाया माझ्या मागं मले मिरची म्हणत, अन् ते मले माहीत होतं. म्हणू दे बापा. पिठाच्या कारखान्यात स्वच्छता पाहायचं काम गोडगोड बोलून होत नाई. केस टोपीत घाल, बांगड्या काढ, नखं काप, हात कोपरापर्यंत धू, हे दिवसभर सांगून सांगून कोणाचीही जीभ धारेची होईन. पण रेणुकामावशीवर मी कधी आवाज चढवला नाई. तिनं कारणच कधी दिलं नाई.

आदिलाबादच्या जैनथ रोडले वामनभाऊची ज्वारीच्या पिठाची फॅक्टरी आहे. आधी तिथं कापसाचं गोदाम होतं. फॅक्टरी म्हणजे काय, एक मोठी चक्की, चाळणी, पॅकिंगचा टेबल अन् आमी आठ-दहा माणसं. चक्की चालवायले खुशाल नावाचा माणूस होता. मी दीपमाला, क्वालिटी पाहणारी, म्हणजे सगळ्यांच्या शिव्या खाणारी. अन् गेटजवळच्या खोलीत रेणुकामावशी राहे. दिवसा झाडलोट, संध्याकाळी चक्कीची सफाई, रात्री राखण, सारं तिच्याकडं. गेटची चावी तिच्या कमरेले असे.

त्या चावीचं तिले लय अप्रूप होतं. तिचा माणूस गेला तेव्हा दिरानं वावर आपल्या नावावर करून घेतलं. मूलबाळ नव्हतं, म्हणून भाऊ तिले आपल्या गावी, भैंश्याले घेऊन गेला. भावजयीनं तिची खाट टाकली गोठ्याच्या पडवीत, कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या ढिगाजवळ. मारझोड नाई, शिवीगाळ नाई. जेवण मागच्या दारातून मिळे, अन् घरात हळदीकुंकू असलं की निरोप येई, ताई, आज इकडं येऊ नका. मावशी मले म्हणे, "दीपा, लोक कुत्र्यालेही हाड म्हणतात. मले तिथं कोणी काईच म्हणत नव्हतं." अशी कित्येक वर्षं काढून ती वामनभाऊकडं आली. इथं तिले खोली मिळाली, काम मिळालं, अन् येणारा-जाणारा ड्रायव्हर 'मावशी, गेट उघडा' म्हणू लागला. त्याच्यापेक्षा जास्त तिनं कधी मागितलं नाई.

आमचं पीठ हैदराबादच्या एका कंपनीले पसंत पडलं तेव्हा साऱ्यांले आनंद झाला. पण त्यांले पाहिजे होतं गव्हाचा अंशही नसलेलं पीठ, अन् तेही नुसतं तोंडी सांगून नाई, सर्टिफिकेटासकट. काई माणसांले गव्हातला एक पदार्थ सोसत नाई, ग्लुटेन म्हणतात त्याले. चिमटीभर पोटात गेला तरी आतडी सुजतात, लेकरांची वाढ खुंटते. मी ट्रेनिंगले गेली होती तिथं अशा एका पोरीचा फोटो दाखवला. पाच वर्षांची पोर अन् हातपाय काड्या. तेव्हापासून कोणी गव्हाचं नाव काढलं तरी मी त्याच्या अंगावर जायची.

पहिला सँपल फेल झाला. त्याचं कारण लवकर सापडलं. आमी ज्वारी ज्या पोत्यांत आणायचो तो बारदाना जुना होता, कधीकाळी त्यात गहू भरलेला. वामनभाऊनं सारी पोती नवी घेतली. अन् मी सफाईची नवी रीत लावली. आधी चक्कीत थोडी ज्वारी राहूनच जायची, कोणी मनावर घेत नसे. आता रोज संध्याकाळी चक्की खोलायची, आधी ब्रश, मग हवेचा पाइप, मग कोरडं कापड. रेणुकामावशीले मी स्वतः करून दाखवलं.

"आत एक दाणा राहायले नको, मावशी."

"एकही नाई?"

"एकही नाई. रिकामी म्हणजे रिकामी."

"रात्रभर तशीच?"

"रात्रभर तशीच."

तिनं मान हलवली. मले वाटलं, समजलं.

दुसरा सँपल गेला अन् तोही फेल होऊन आला. पहिल्यापेक्षा वाईट. आता सांगा, पोती नवी, चक्की आरशासारखी साफ, तरी गहू येते कुठून? फॅक्टरीत जो तो दुसऱ्याकडं संशयानं पाहू लागला. मी बायांचे डबे उघडून पाहू लागली. चपाती बंद, बिस्कीट बंद, घरी पोळ्या लाटून आली असशीन तर पातळ बदलून ये. खुशालनं एक दिवस लेकाच्या वाढदिवसाच्या पुऱ्या आणल्या साऱ्यांसाठी, मी त्या डब्यासकट गेटबाहेर ठेवायले लावल्या. त्यानं दिवसभर माझ्याकडं पाहिलं नाई. तेव्हा मी कोणाची नव्हतीच, मले फक्त तो गहू सापडायले पाहिजे होता.

वामनभाऊनं मग आमाले सगळ्यांले चक्कीजवळ बोलावलं. मालक माणूस पिठाच्या पोत्यावर बसला, अन् बसल्या-बसल्याच बोलला. कंपनीनं शेवटची संधी दिली होती. त्यांचा ऑडिटर येणार, गहू कुठून आला ते कारण त्याले दाखवायचं, कारण पटलं तरच तो तिसरा सँपल घेणार. नाईतर सौदा संपला. "हे नाई जमलं तर मी बंद करतो," वामनभाऊ म्हणाला. "भैंश्याचा एक व्यापारी कापूस ठेवायले शेड मागून राह्यला. देऊन टाकतो. माझ्यात आता दम नाई."

त्या दिवसापासून मावशीचं जेवण सुटलं. बाकीच्या बाया निंदणाले जातील, कापूस वेचतील, रडतपडत का होईना त्यांचं घर आहे. मावशीचं घर म्हणजे ती गेटची खोली. शेड गेली की खोली गेली, अन् खोली गेली की पुन्हा ती पडवी. ती दात घासायचा ब्रश घेऊन चक्कीचे कोपरे घासे. बोटांची सालं निघाली तर त्यावर चिंधी बांधून घासे, मग मीच ती चिंधी काढून टाकायले लावली. एकदा पॅकिंगच्या टेबलाशी येऊन माझ्या हाताले धरून म्हणे, "दीपा, मी भैंश्याले नाई जात. काई कर बाई. तू शिकलेली आहेस, तू काईही सांग, मी करते." मी म्हटलं, तू काय कमी करते, होईन काईतरी. अन् संडासात जाऊन नळ चालू करून रडली.

शेवटी मी कंपनीकडून तपासायच्या पट्ट्या मागवल्या. पीठ पाण्यात कालवून पट्टी बुडवली की गहू असला तर लाल रेघ येते. संध्याकाळी सफाई झाल्यावर चक्की आतून पुसून त्या कापडाची पट्टी पाहिली, रेघ नाई. सकाळच्या पहिल्या पिठात बुडवली, रेघ ठळक. दुपारच्या पिठात पुन्हा काईच नाई. म्हणजे जे काई होत होतं, ते शेड बंद झाल्यापासून चक्की चालू होईपर्यंत होत होतं. मले उंदरांचा संशय आला. खोटं कशाले बोलू, खुशालचाही आला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी झाल्यावर मी जाते म्हणून सांगतलं, स्कूटी रोडवर लावली अन् मागच्या दारानं येऊन खोक्यांच्या थप्पीमागं उभी राहिली. उजेड अजून होता. मावशीनं चक्की साफ केली, मी शिकवली तशीच. मग ती बाहेर नळावर गेली. हातपाय धुतले. टोपी काढली, डोक्यावर पदर घेतला, अन् आत येऊन पदराच्या टोकाची गाठ सोडली. त्यातून ओंजळीनं काईतरी काढून चक्कीच्या तोंडात हळूच सोडलं. दुसऱ्या गाठीतलंही सोडलं. अन् चक्कीच्या लोखंडाले कपाळ लावून उभी राहिली.

मी पुढं आली. "मावशी, काय टाकलं?"

ती दचकलीही नाई. "गहू," म्हणाली. "माझे आहेत दीपा. बाजारातून मी घेतले. कंपनीचा दाणा मी कधी उचलला नाई."

मी विचारलं, "काऊन?"

"तू रिकामी ठेवायले सांगतलं न." जसं काई माझंच काम ती पुरं करून राह्यली होती. "माझ्या घरी जातं कधी रिकामं झोपवलं नाई आमी. मूठभर तरी राहू द्यायचं त्याच्या पोटात. एकदा माझ्या हातून राहिलं, अंगात ताप होता. त्याच आठवड्यात माझा माणूस गेला. अन् ही तर इतक्या लोकांचं पोट भरते. हिले रिकाम्या पोटी कशी ठेवू?"

"गहू आत जाऊ द्यायचा नाई, तुले किती वेळा सांगतलं होतं मावशी."

"पिठात जाऊ द्यायचा नाई असं सांगतलं तू. मी कुठं पिठात टाकते? सकाळी खुशाल यायच्या आधी सारे काढून घेते अन् पाखरांले टाकते. फक्त रात्रभर तिच्या ओटीत असतात."

मी चक्कीच्या तोंडात हात घातला. हात जाईन तिथपर्यंत दाणे निघाले. त्याच्या खाली, जिथं हात पुरत नाई, तिथं चार-दोन घरंगळत असतील, अन् ते सकाळच्या पहिल्या ज्वारीसंग दळले जात असतील. पट्टीवरची लाल रेघ तीच होती.

"टाकायचीच होती तर ज्वारी टाकायची," मी म्हटलं.

"ज्वारी तर ती रोज खाते. ओटीत कोणी रोजचं टाकते का? आपल्याकडं गहू सणाचा." मग जराशी थांबून म्हणाली, "अन् बाईच्या ओटीले मले कोण हात लावू देते? हिनं कधी नाई म्हटलं नाई. सँपल फेल झाला तसे मी एका मुठीच्या दोन केल्या. म्हटलं, कमी पडून राह्यलं असन."

आमी बुद्धाचे लोक. ओटी-बिटी आमच्या घरातून माझ्या आजीच्या वेळेलेच गेली. मले राग यायले पाहिजे होता, तो मी शोधत होती, अन् सापडत नव्हता. मी तिथंच फरशीवर बसली. तिले पट्टी दाखवली, रेघ दाखवली, फोटोतल्या पोरीचं सांगतलं. ती ऐकत गेली अन् तिचा चेहरा उतरत गेला.

"त्या लेकरांच्या पोटात मी घातलं?"

"नाई. कंपनीचं पीठ अजून बाजारात गेलंच नाई. नुसते सँपल गेले."

"पण फेल मीच केलं."

मी तिले म्हटलं, आजपासून टाकू नको, अन् कोणाले काई सांगू नको, ऑडिटरले मी पाहून घेते. मले खरंच वाटलं की एवढ्यावर निभेल.

ऑडिट उद्यावर आलं तसं वामनभाऊनं आपलंच एक कारण काढलं. धान्य वर नेणारा पट्टा असतो, तो खुशालनं साफ केला नाई, त्यात जुन्या पोत्यांतला गहू अडकून राहिला, असं ऑडिटरले सांगायचं अन् खुशालले कामावरून काढलं म्हणून दाखवायचं. वामनभाऊ वाईट माणूस नाई. बुडता माणूस हाती येईन त्याले धरते. खुशाल म्हणाला, "भाऊ, मी पट्टा रोज पुसतो. तुमी पायलं आहे मले पुसताना." वामनभाऊ खाली पाहून म्हणाला, "मले माहीत आहे रे." खुशालची बायको सातव्या महिन्यात होती. तो टोपी काढून हातात चुरगाळत बसला. मावशी तिथंच झाडून राह्यली होती. तिचा झाडू थांबला, मले ऐकू आलं.

त्या रात्री मले झोप लागली नाई. मी गप राहिली तर खुशाल जाते, बोलली तर मावशी जाते. अन् दोघांपैकी एकही माणूस मले नको असलेला नव्हता.

ऑडिटर आला तो अनुप नावाचा तरणाबांड पोरगा, हैदराबादचा. मराठी त्याले येत नव्हती, सारं बोलणं हिंदीत. चक्कीसमोर उभं राहून त्यानं विचारलं, "तो गेहूँ आया कहाँ से?" वामनभाऊनं खुशालकडं हात केला अन् तोंड उघडलं, तेवढ्यात मावशी झाडू भिंतीले टेकवून पुढं आली.

"साहेब, तो नाई. मी टाकत होती."

ऑडिटरनं माझ्याकडं पायलं. म्हातारी काय म्हणून राह्यली, ते मले हिंदीत सांगायचं होतं. देवाशपथ म्हणायची सोय आमच्यात नाई, पण खरं सांगते, दोन शब्द इकडचे तिकडे करायले माझी जीभ वळवळली. वामनभाऊले अन् खुशालले समजलं असतं, पण ते काय बोलणार होते? मावशी माझ्या तोंडाकडं पाहत होती. तिले हिंदी येत नव्हती अन् तिचा माझ्यावर भरवसा होता. मी तिचं म्हणणं होतं तसं सांगतलं. जातं, ओटी, दोन मुठी, पाखरं, सारं.

अनुपनं पेन खाली ठेवला. म्हणे, माझी नानीही चूल रिकामी सोडत नसे. मग त्यानं सांगतलं की कारण खरं वाटते, पट्ट्यांशी जुळते, सँपल तो घेईन. पण ज्या माणसाच्या हातून गहू आत गेला, ते माणूस यापुढं कंपाउंडच्या आत नको. कंपनीची अट.

मी भांडली. खोली तरी राहू द्या म्हटलं, शेडची चावी काढून घ्या, मी स्वतः कुलूप लावते. तो म्हणे, "मॅडम, खाने वाले को तो पता नहीं ना, कि किसने श्रद्धा से डाला." मले ती फोटोतली पोर आठवली. त्याच्यापुढं माझं भांडण तोंडातच राहिलं. पोरगा खोटं बोलत नव्हता, अन् म्हणूनच मले त्याचा लय राग आला.

मावशीचं सामान म्हणजे एक ट्रंक अन् एक बोचकं. खुशालनं ते ऑटोत ठेवलं, तिच्या पाया पडला अन् मागं सरला. चावी तिनं वामनभाऊच्या हातात दिली. वामनभाऊचे डोळे भरले होते. "मावशी, सर्टिफिकेट येऊ द्या," म्हणाला, "मग पाहू." असं आपण म्हणतोच. समोरच्याचं तोंड पाहवत नाई म्हणून म्हणतो.

तिसरा सँपल पास झाला. सर्टिफिकेट आलं, वामनभाऊनं काचेत बसवून ऑफिसात लावलं, साऱ्यांले पेढे वाटले. मी माझा पेढा कागदात बांधून ठेवला अन् सुट्टी पाहून भैंश्याले गेली.

पडवी तिनं सांगतलं होतं तशीच होती. भावजय ओट्यावर बसलेली, 'मागं आहेत' म्हणाली अन् पुन्हा आपल्या तांदळाकडं वळली. मावशी खाटेवर होती. वाळली होती. खाटेखाली ट्रंक, अन् उशाशी बोचकं, बांधलेलंच. मले वाटलं, आत्ताच कुठून आली असन. मी पेढा हातात दिला अन् म्हटलं, "मावशी, पास झालं. सर्टिफिकेट आलं."

तिनं पेढा कपाळाले लावला. माझ्या गालावरून हात फिरवला. मग उठून खाटेखालून चपला काढल्या अन् घालू लागली.

"मले माहीत होतं तू येशीन," ती म्हणाली. "वामनभाऊ म्हणाले होते न, सर्टिफिकेट आलं की. म्हणून मी बोचकं सोडलंच नाई. उगाच पुन्हा बांधा. आदिलाबादची बस कितीची आहे दीपा?"

ओट्यावरून भावजय वाकून पाहत होती. मी फॅक्टरीत पन्नास वेळा माणसांले नाई म्हटलं आहे, तोंडावर, न अडखळता. तिले म्हणायले मले तिच्या खाटेवर बसावं लागलं.

मी सांगतलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग चपला काढून खाटेखाली सरकवल्या. बोचकं मांडीवर घेतलं, त्याची गाठ सोडली अन् आतली दोन लुगडी झटकून पडवीच्या दोरीवर टाकली. ती नीट करेपर्यंत माझ्याकडं पाहिलं नाई.

"खुशालची बाई बाळंत झाली का?" तिनं विचारलं.

"झाली. पोरगी आहे."

"तो कामावर आहे न?"

"आहे," मी म्हटलं.